गच्चीवरून शहराचे फोटो: परवानगीचा अर्ज अडतो कुठे?

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडच्या बाजूच्या उंच इमारतींवरून, मध्ये काही आडवं आलं नाही तर, उत्तरेला बीबी का मकबरा आणि त्यामागचे डोंगर एका चौकटीत येतात. या गच्च्यांना कायम कुलूप असतं. वर जाण्यासाठी छापील फॉर्म नाही की ठरलेली खिडकी नाही. साध्या कागदावर अर्ज करायचा आणि तो योग्य माणसाच्या हातात द्यायचा. लोक फसतात ते या दुसऱ्या गोष्टीत.

सोसायटीची गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक असते. वरच्या मजल्यावरचे काका ‘या की, काय हरकत आहे’ म्हणाले म्हणून परवानगी मिळत नाही. वॉचमनच्या होकारालाही अर्थ नाही. अर्ज सचिवांच्या नावे करा. समितीची बैठक बहुधा महिन्यातून एकदा होते, म्हणून हव्या त्या तारखेच्या पाच-सहा आठवडे आधी द्या. चार दिवस आधी दिलेला अर्ज बैठकीपुढे जातच नाही. परवानगीचं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, सही आणि शिक्क्यासह घ्या. व्हॉट्सअॅपवरचं ‘ओके’ गेटवर दाखवून काही होत नाही. सोसायटी अजून स्थापन झाली नसेल, तर बिल्डरकडे जावं लागतं.

सरकारी इमारतीत हेलपाटे वाढतात. इमारत वापरणारं कार्यालय एक, देखभाल बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. एकाकडे गेलात की दुसऱ्याचं ना-हरकत आणा म्हणतात. यात अर्जदाराचा काय दोष? तरी त्रास त्यालाच. म्हणून पहिल्याच दिवशी एकाच मजकुराच्या दोन प्रती काढा, एक कार्यालयप्रमुखांना आणि एक कार्यकारी अभियंत्यांना द्या, आणि दोन्हीकडून आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. पोच नसेल तर महिन्याभराने तुमचा अर्ज आलाच नव्हता असं ऐकावं लागतं. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ दाखवून टेबलावर वाद घालू नका. तो अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांनाच लागू होतो. पाण्याच्या टाकीवर चढायची परवानगी तर मागूच नका.

आता वेळेचं. मंजूर झालेली परवानगीसुद्धा इथे वाया जाते. पत्रात ‘कार्यालयीन वेळेत’ असं लिहून येतं आणि अर्जदार खूश होऊन घरी जातो. राज्य सरकारी कार्यालयांची वेळ ९:४५ ते ६:१५. शहराचे दिवे लागलेले आणि आकाश अजून निळं असतं, ती वेळ सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते तीस मिनिटांची. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य ५:५० च्या आसपास मावळतो, म्हणजे ६:०५ ते ६:२०. ऐन रंगात असताना शिपाई चावी घेऊन उभा राहणार. जूनच्या अखेरीस सूर्यास्तच ७:१० च्या सुमारास, तेव्हा तर सगळंच हातचं जातं. अर्जात ‘सायंकाळी’ हा शब्द टाळा. ‘५ ते ८, त्यात सामान मांडणं-आवरणं धरून’ असं आकड्यात लिहा. सोबत दोन पर्यायी तारखाही द्या. ढग आले आणि परवानगी एकाच दिवसाची असली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. शनिवार-रविवार मागत असाल, तर त्या दिवशी चावी कोणाकडे असते ते आधी विचारा आणि त्या माणसाचं नाव पत्रात घालून घ्या.

कोणाकडेच नसतो असा कागद म्हणजे अपघात विम्याचा. आधार, फोटो, सामानाची यादी सगळे आणतात, पण विमा मागितला की गडबडतात. खरं तर अनेकांच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये कापले जातात, त्यावर २ लाखांचं संरक्षण असतं, आणि त्यांना ते माहीतही नसतं. ते चालेल का हे आधी विचारून घ्या. चालत असेल तर पासबुकातल्या नोंदीवर विसंबू नका, बँकेतून प्रमाणपत्र काढा. मुदत १ जून ते ३१ मे अशी असते. मार्चमध्ये काढलेलं प्रमाणपत्र जूनच्या फोटोसाठी जोडाल तर परत येईल. खात्यात शिल्लक नसल्यामुळे नूतनीकरण झालं नसेल, तेही तेव्हाच कळतं.

हमीपत्र मागितलं तर ते साध्या कागदावर हवं की मुद्रांकावर, हे विचारल्याशिवाय मुद्रांक विकत घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात अनेक दस्तांसाठी १०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक झाला, पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला तो माफ आहे. मुद्रांक लागणारच असेल, तर घरात पडलेल्या शंभराच्या कागदाने भागेल असं धरून चालू नका. मजकुरात ज्या गोष्टीची त्यांना खरी भीती असते ती स्पष्ट लिहा: कठड्याबाहेर काही धरणार नाही, कॅमेऱ्याचा पट्टा ट्रायपॉडला बांधलेला असेल, दोघांपेक्षा जास्त माणसं येणार नाहीत. फोटो विकणार असाल तर तसंही लिहा. ‘वैयक्तिक वापर’ लिहून नंतर कॅलेंडर छापलं, की पुढच्या दहा जणांसाठी ती गच्ची बंद होते.

मकबऱ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीतली १०० आणि २०० मीटरची हद्द बांधकामासाठी आहे. लांबच्या गच्चीवरून फोटो काढायला पुरातत्त्व खात्याचं पत्र लागत नाही. आवारात ट्रायपॉड लावायचा असेल, तर मात्र खात्याची वेगळी परवानगी काढा. खाम नदीपलीकडे छावणी आहे, लांब पल्ल्याची लेन्स तिकडे वळवू नका. या अर्जात ड्रोनही घुसडू नका. चिकलठाणा विमानतळ जवळ आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाभोवती निर्बंध आहेत. ‘ड्रोन’ शब्द दिसला की साधा अर्जही बाजूला ठेवला जातो.

वर जाताना सामानाच्या यादीच्या दोन प्रती न्या, कॅमेऱ्याच्या अनुक्रमांकासह. एक गेटवर द्या, दुसरीवर सही घ्या. उतरताना तुमचाच ट्रायपॉड तुमचा आहे हे सिद्ध करायची वेळ येत नाही. आणि जिन्याच्या दाराचं कुलूप सोबतच्या माणसाच्या हातात राहू द्या, कडीला लटकत ठेवू नका. फेरीवरचा वॉचमन ते सवयीने लावून खाली निघून जातो.