मागच्या गोळ्यातला ताप

घाटात ट्रकच्या मागे अडकलात की एक गोष्ट हमखास नजरेसमोर येते. मागच्या चाकांना जोडणारा लोखंडी ऍक्सल आणि त्याच्या मधोमध मडक्यासारखा फुगलेला गोळा. कधी त्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेलं असतं, कधी शेजारी नजर लागू नये म्हणून चप्पल लोंबत असते. हाच डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं, ती मुभा हा गोळा देतो. या युक्तीचं पेटंट फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२७ साली घेतलं, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्मायच्या कितीतरी आधी.

रेस ट्रॅकवर पळणाऱ्या ताकदवान गाड्यांमध्ये हाच गोळा तापून डोकेदुखी होतो. पण ज्या कामामुळे त्याला हे नाव पडलं, ते काम बिचारं जवळजवळ निर्दोष आहे. दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारे आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावर आपल्या जागी फिरतसुद्धा नाहीत. (दोन चाकांच्या वेगातला फरक फार वाढू न देणारा, घर्षणाच्या चकत्या असलेला लिमिटेड स्लिप प्रकार असेल तर वळणावर उष्णतेत थोडी भर पडते.) खरी उष्णता येते ती क्राउन-पिनियनच्या जोडीतून: पिनियन म्हणजे छोटा गिअर, क्राउन म्हणजे तो फिरवतो ते मोठं दातेरी कडं. इंजिनाकडून लांबीच्या दिशेने आलेलं फिरणं नव्वद अंशांत वळवून चाकांकडे पाठवायचं काम या जोडीचं.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने या जोडीत एक बदल केला. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर न ठेवता थोडा खाली सरकवला. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडचं फिरणं मागे आणणारा लांब दांडा, खाली आला, गाडीची फरशी खाली गेली, शिवाय दात मोठे आणि दणकट झाले. या रचनेला हायपॉइड म्हणतात. किंमत एकच मोजावी लागली: दात आता एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. तळहात एकमेकांवर दाबून सरकवले की जे होतं तेच इथे होतं, फक्त प्रचंड दाबाखाली.

या घासण्यात साधारण तीन टक्के शक्ती जाते असं धरू. ताशी १०० किलोमीटरने शांतपणे जाणाऱ्या गाडीला वीसेक किलोवॅट पुरतात. त्याचे तीन टक्के म्हणजे ६०० वॅट, घरातल्या इस्त्रीपेक्षाही कमी. खालून जाणारा वारा ही उष्णता सहज उचलून नेतो आणि गोळा बाहेरच्या हवेपेक्षा समजा पन्नास अंश जास्त तापून स्थिरावतो. आता तीच गाडी ट्रॅकवर न्या, जिथे सरासरीच २०० किलोवॅट वापरले जातात. उष्णता सहा किलोवॅट झाली, म्हणजे स्नानगृहातले तीन गीझर, आणि गोळ्यात दातांना वंगण देणारं तेल जेमतेम दीड-दोन लिटर. कवचातून बाहेर पडणारी उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. उष्णता दहापट तर फरकही दहापट हवा, म्हणजे पाचशे अंश. तिथवर अर्थातच कोणी पोचत नाही. ट्रॅकवर वाराही जोराचा असतो. पण गोळा स्थिरावत नाही, चढतच राहतो, हे कळायला एवढं गणित पुरे. गाडीची कमाल ताकद किती, याला इथे फारसा अर्थ नाही. ती सलग किती मिनिटं वापरली, यावर सगळं ठरतं.

शिवाय गोळ्याची जागाही अवघड. रेडिएटर गाडीच्या नाकावर बसून ताजी हवा खातो. हा मागे, बुडाखाली, बहुधा तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी. २०१६ची फोर्ड शेल्बी जीटी३५० आठवते. ५२६ अश्वशक्तीची, ट्रॅकसाठी म्हणून मिरवलेली मस्टँग. तिच्या काही आवृत्त्यांमध्ये गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला तेल थंड करणारा वेगळा कूलरच नव्हता. तापमान वाढलं की संगणक इंजिनाची ताकद कापून टाकायचा आणि गाडी लंगडत पिटकडे, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्याकडे, यायची. २०१७ साली काही मालक फ्लोरिडात कोर्टात गेले. त्या वर्षीच्या मॉडेलपासून कूलर सर्वच गाड्यांवर आले.

तापल्यावर नेमकं बिघडतं काय? सुरुवातीला काहीच नाही, उलट सुधारतं. थंड गिअर ऑइल काकवीसारखं असतं आणि त्यातून क्राउन फिरतो तो रवीने ताक घुसळावं तसा. त्या घुसळण्यातही शक्ती जाते. तेल गरम होऊन पातळ झालं की हा तोटा कमी होतो. म्हणून काही अंशांपर्यंत हा गोळा स्वतःच स्वतःला सावरतो. पुढे मात्र बाजू उलटते. तेलाचा थर इतका पातळ होतो की दातांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडू लागतात. घर्षण वाढतं, त्याने उष्णता वाढते, तिने तेल आणखी पातळ होतं. रिचर्ड स्ट्रीबेक या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बेअरिंगवर हा खाली जाऊन पुन्हा वर उठणारा घर्षणाचा आलेख मोजून दाखवला होता.

इथे गंधक मदतीला येतं. हायपॉइडच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. दात भिडून जागच्या जागी तापले की ती लोखंडाशी अभिक्रिया करून एक पातळ थर बनवतात आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो. (गिअर ऑइलचा तो वास याच गंधकाचा. एकदा हाताला लागलं की जेवतानाही सोबत करतो.) पण ही शिदोरी संपणारी आहे. वर तेल हवेत तापून खराब होतं, आणि दर दहा अंशांमागे ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते असा ठोकताळा आहे. रबरी सील कडक होतात, तेल फेसाळून ब्रीदरमधून, म्हणजे कवचाच्या हवा सोडणाऱ्या छिद्रातून, बाहेर येतं. आणि शेवटची भीती पोलादाची. कोयत्याला लोहार पाणी देतो तसं या दातांनाही दिलेलं असतं, आणि नंतर ते बहुधा दीडशे ते दोनशे अंशांवर पुन्हा तापवून मुरवलेले असतात. चालताना दात त्याहून जास्त तापला तर त्याचं पाणी उतरतं. तेल बदलता येतं, उतरलेलं पाणी परत चढत नाही.

उपायांत सगळ्यात स्वस्त म्हणजे जास्त दाट सिंथेटिक तेल आणि उष्णता सोडणाऱ्या पातळ उभ्या पट्ट्या असलेलं ऍल्युमिनियमचं झाकण, पण दोन्ही थोडा वेळ विकत घेतात इतकंच. तेल काठोकाठ भरणं हा मात्र उलटा उपाय: घुसळण वाढते. खरा इलाज म्हणजे तेल फिरवणारा पंप, ते गाळणारी जाळी आणि कूलर. त्यातही गंमत आहे. काकवीसारखं थंड तेल पंपाला ओढवत नाही, म्हणून ते पुरेसं गरम झाल्यावरच पंप सुरू होईल असा स्विच बसवतात. जाळी पंपाच्या आधी, कारण तेलात नव्या गिअरचा कीस असतो.

नव्या क्राउन-पिनियनला तर पहिल्याच दिवशी ट्रॅकवर नेऊच नये. पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि हे काही वेळा करायचं. एवढ्यात दात एकमेकांना जुळवून घेतात.

आणि कूलरवर पैसे घालण्याआधी कवचावर तापमानाची एक पट्टी चिकटवा. ठरावीक अंशांना तिचा एकेक चौकोन कायमचा काळा पडतो. पाच-सहा फेऱ्या मारून या, गाडीखाली वाका आणि कितवा चौकोन काळा झालाय ते मोजा.