केमो दवाखान्यात, शुश्रूषा घरी: हे कसं घडत गेलं

सकाळी सलाईन लावतात, दुपारी सुई निघते आणि संध्याकाळी रुग्ण आपल्या अंथरुणावर असतो. सोबत एक कागद मिळतो. ताप 38 अंशांपर्यंत गेला तर लगेच फोन करा, मळमळ होण्याची वाट न पाहता गोळी आधीच घ्या, तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करा. केमोची पुढची फेरी (सायकल) येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्या कागदाच्या आणि घरच्यांच्या भरवशावर जातात. हे चित्र आज इतकं नेहमीचं झालं आहे की ते घडायला पन्नासेक वर्षं लागली हे लक्षातच येत नाही.

केमोथेरपीचा जन्म युद्धातल्या विषातून झाला. मस्टर्ड वायूने पांढऱ्या पेशी घटतात हे दिसलं होतं. त्यावरून औषधशास्त्रज्ञ लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या संशोधनातून 1942 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्याच वायूचं भावंड असलेलं नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं गेलं. गाठी वितळल्या, पण परतही आल्या. 1948 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या (ल्युकेमियाच्या) मुलांवर अमायनोप्टेरिन वापरून काही काळापुरता का होईना, आजार मागे रेटला. औषधांच्या इतिहासात फार्बरचं नाव येतं ते यासाठी. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. औषध, आहार, समुपदेशन आणि कुटुंबाच्या अडचणी एकाच छपराखाली पाहायच्या, असा त्यांचा आग्रह होता. त्याला ते ‘संपूर्ण काळजी’ म्हणत. कल्पना तेव्हाच मांडली गेली होती, ती घरापर्यंत न्यायला लागणारी साधनं मात्र अजून नव्हती.

1960 च्या दशकात तीन-चार औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि ही उणीव उघडी पडली. रुग्ण कर्करोगाआधी रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावू लागले. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट देऊन रक्तस्राव थांबवता येतो हे अमेरिकी डॉक्टर एमिल फ्रायराइख यांनी दाखवलं. 1966 मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांच्या एका अभ्यासाने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा (काउंट) आणि संसर्गाचा धोका यांचं नातं स्पष्ट केलं. एका मायक्रोलिटर रक्तात हा आकडा हजाराखाली गेला की धोका वाढतो, पाचशेखाली फारच. आजही काउंट पाहताना डॉक्टर हाच पाचशेचा उंबरठा धरतात. त्या काळचा उपाय मात्र रुग्णाला कोंडून ठेवण्याचा होता. गाळलेल्या हवेची खोली, निर्जंतुक केलेलं अन्न, भेटायला येणारा काचेपलीकडे.

आणि उलट्या. 1978 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिस्प्लॅटिन अंडकोशाच्या कर्करोगावर विलक्षण गुणकारी ठरलं, पण मोठ्या मात्रेत ते घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते अक्षरशः पिळून काढत असे. तास-दोन तासांनी सुरू झालेल्या उलट्या दिवसभर चालत. काहींना पुढच्या वेळी दवाखान्याचा वास आला तरी भडभडून येई. असं हाल होणारं माणूस घरी सांभाळायचं कुणी? 1981 च्या सुमारास मेटोक्लोप्रामाइडची मोठी मात्रा शिरेतून देऊन थोडा आराम मिळू लागला. पण त्याने मान आपोआप वळणं, जीव कासावीस होणं असे त्रास होत, म्हणजे पुन्हा खाट दवाखान्यातलीच.

कोंडी फुटली 1991 मध्ये. जानेवारीत अमेरिकेत ऑन्डान्सेट्रॉनला मान्यता मिळाली आणि फेब्रुवारीत फिलग्रास्टिमला. पहिलं औषध उलटीचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या सेरोटोनिनची वाट अडवतं. दुसरं अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी भराभर बनवायला लावतं, आणि ते कातडीखाली टोचायचं असल्याने घरच्या माणसालाही शिकता येतं. केमो घरापर्यंत यायला कुठल्याही धोरणापेक्षा या दोन औषधांचा वाटा मोठा, असं माझं मत आहे. छातीवरच्या कातडीखाली बसवलेला पोर्ट (औषध थेट मोठ्या शिरेत सोडायची छोटी डबी), कमरेला लावायचा औषधाचा छोटा पंप, आणि 1998 पासून कॅपेसिटाबीनसारख्या गोळ्या यांनी उरलेलं काम केलं.

राहिला ताप. काउंट पडलेला असताना ताप आला की दाखल व्हायचं, हा नियम बराच काळ अढळ होता. 2000 साली एक गुणतक्ता प्रसिद्ध झाला. त्यात 26 पैकी 21 किंवा जास्त गुण मिळाले तर गुंतागुंतीचा धोका कमी समजतात. अशा निवडक रुग्णांना तपासून, थोडा वेळ देखरेखीखाली ठेवून गोळ्यांवर घरी पाठवता येतं. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र रुग्णाबरोबर घराचीही परीक्षा घेतलेली दिसते: चोवीस तास कुणी सोबत आहे का, फोन आहे का, तासाभरात दवाखाना गाठता येतो का. ही परीक्षा नापास होणारी घरं पुष्कळ असतात.

कोंडून ठेवण्याच्या काळातलं पथ्यही घरात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. कच्चं काही खाऊ नका, हे अजून सर्रास सांगतात. 2008 मध्ये 153 ल्युकेमियाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत कच्ची फळं-भाज्या टाळून गंभीर संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. नीट धुणं आणि हात स्वच्छ ठेवणं हे मात्र कुणी खोडलेलं नाही. उलट, जे ठासून सांगायला हवं ते राहून जातं: केमोनंतर साधारण 48 तास रुग्णाच्या लघवीत, शौचात आणि उलटीत औषधाचे अंश असू शकतात, म्हणून ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

अलीकडचा टप्पा 2017 चा. न्यूयॉर्कमधल्या 766 रुग्णांच्या चाचणीत काहींनी मळमळ, वेदना, थकवा अशी 12 लक्षणं संगणकावरून नियमित कळवली आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जाई. त्या गटातले निम्मे रुग्ण 31.2 महिन्यांहून जास्त जगले, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हाच आकडा 26 महिने होता. नवं औषध एकही नव्हतं. घरी काय चाललंय हे वेळेवर कळत होतं, एवढंच. त्या 12 लक्षणांत उशाशी जागणाऱ्याच्या झोपेचा रकाना नव्हता.