राष्ट्रीय ग्रंथालय धोरण आणि गोव्याची वाट

राष्ट्रीय ग्रंथालय धोरणाची चर्चा बहुधा चट्टोपाध्याय समितीच्या 1986 च्या अहवालापासून सुरू होते. गोव्यात तिला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

15 सप्टेंबर 1832 रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांनी पणजीत सरकारी ग्रंथालय सुरू केलं. ख्रिस्ती धार्मिक संघांचे मठ बंद झाल्यावर तिथले ग्रंथही या संग्रहात आले. संग्रह मोलाचा खरा, पण पोर्तुगीज न येणाऱ्या शेतकऱ्याला, दुकानदाराला त्याचा काय उपयोग? मराठी वाचणाऱ्यांची सोय लोकांनीच केली. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि मराठी शाळांबरोबर वाचनालयंही उभी राहू लागली. मडगावची गोमंत विद्या निकेतन ही संस्था त्याच काळातली. वर्गणी, देणग्या आणि हौशी कार्यकर्ते एवढंच या वाचनालयांचं भांडवल होतं. गोव्याच्या ग्रंथालय चळवळीचा खरा पाया मला हाच वाटतो.

तिकडे ब्रिटिश भारतात भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1930 मध्ये आदर्श ग्रंथालय कायद्याचा मसुदा मांडला होता. 1948 मध्ये मद्रासने असा कायदा केला, महाराष्ट्राने 1967 मध्ये. ग्रंथालयं हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राने सल्ला आणि पैसा द्यायचा, कायदा राज्याने करायचा. 1972 मध्ये स्थापन झालेलं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांबरोबर पैसा घालून पुस्तकं आणि इमारतींना मदत करतं. 1986 मध्ये केंद्राने नेमलेल्या डी. पी. चट्टोपाध्याय समितीने राष्ट्रीय ग्रंथालय धोरणाचा मसुदा दिला. त्याचा रोख स्पष्ट होता: ग्रामीण ग्रंथालय आधी, आणि तेच गावाचं माहिती केंद्र.

पुढच्याच वर्षी गोवा राज्य झालं आणि 1993 मध्ये गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. गोव्याने मात्र मद्यावरच्या अधिभारातून ग्रंथालयांसाठी निधीची तरतूद केली. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण हक्काचा निधी असला की ग्रंथालयाला दरवर्षी सरकारदरबारी हात पसरावे लागत नाहीत.

2005 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय ज्ञान आयोगाने ग्रंथालयांसाठी कायमस्वरूपी आयोग मागितला. त्याऐवजी राष्ट्रीय ग्रंथालय अभियान आलं. आभासी ग्रंथालय, आदर्श ग्रंथालयं, देशभरातल्या ग्रंथालयांची पाहणी आणि प्रशिक्षण हे त्याचे चार भाग. 2012 मध्ये पणजीतलं जुनं ग्रंथालय पाटोच्या नव्या इमारतीत गेलं. आता त्याला सोळाव्या शतकातले गोमंतकीय ग्रंथकार कृष्णदास शामा यांचं नाव आहे.

राजधानीला साजेशी वास्तू झाली, हे चांगलंच झालं. पण चट्टोपाध्याय समितीचा रोख गावावर होता. सत्तरी, काणकोणसारख्या ग्रामीण तालुक्यांतल्या वाचनालयात पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि नियमित पगार मिळणारा ग्रंथपाल बसवणं हे काम आजही राज्याच्याच हातात आहे, आणि हक्काच्या निधीतला पहिला पैसा तिथेच जायला हवा.