एवे व्यक्तिनामे

एवे व्यक्तिनामे : पश्चिम आफ्रिकेतील एवे समाजात माणसाला दिली जाणारी नावे आणि ती ठेवण्याच्या रीती. एवे लोक घानाच्या आग्नेय भागात, मुख्यतः व्होल्टा प्रदेशात, तसेच टोगोच्या दक्षिण भागात आणि थोड्या संख्येने बेनिनमध्ये राहतात. त्यांची भाषा ग्बे भाषागटातील असून बेनिनमधील फॉन ही तिची जवळची भाषाभगिनी आहे. टोगोतील नॉत्सिए या तटबंदीच्या नगरातून, आगॉकोली राजाच्या जुलमाला कंटाळून आपले पूर्वज बाहेर पडले, अशी बहुतेक एवे शाखांची परंपरा सांगते.

एवे माणसाला सहसा एकापेक्षा अधिक नावे असतात. जन्मवारावरून पडलेले एक नाव तर असतेच. जन्माच्या वेळची परिस्थिती, भावंडांतला क्रम किंवा जुळेपणा यांवरून आणखी एखादे मिळते. शिवाय आईवडिलांनी किंवा कुळातल्या वडीलधाऱ्यांनी विचार करून ठेवलेले एक नाव असते आणि ते पुष्कळदा पूर्ण वाक्यच असते. ख्रिस्ती घरात बाप्तिस्म्याच्या नावाची भर पडते. जुन्या रीतीत मोठेपणी पुरुष स्वतः निवडलेले नावही धारण करी.

यांतली वाक्यनामे सर्वांत लक्षणीय आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी. ‘सेलॉम’ या नावाची फोड से + लॉ + म अशी होते : ‘से’ म्हणजे नियती किंवा नियंता ईश्वर, ‘लॉ’ म्हणजे प्रेम करणे आणि शेवटचा ‘म’ म्हणजे मला, माझ्यावर. ईश्वराचे माझ्यावर प्रेम आहे, असा त्याचा अर्थ. ‘एन्योनाम’ म्हणजे माझे बरे झाले, मला ते लाभले. ‘एडेम’ म्हणजे त्याने मला सोडवले. ‘एसेनाम’ म्हणजे त्याने माझे ऐकले. या नावांतला ‘मी’ कोण, हा प्रश्न विचारला की एवे नामपद्धतीचे मर्म हाती लागते. तो ‘मी’ बाळ नव्हे. ते उद्गार आईचे किंवा बापाचे असतात. बरीच वर्षे वाट पाहून मूल झालेली बाई ‘त्याने माझे ऐकले’ असे म्हणते आणि तेच मुलाचे नाव होते. पुढे ते मूल तिचे वाक्य स्वतःच्या नावाने आयुष्यभर वागवते आणि हाक मारणारा प्रत्येक जण ते पुन्हा उच्चारतो. एवे नाव म्हणजे घराण्याने देवाला, मृत्यूला किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना उद्देशून काढलेला उद्गार आहे असे समजून वाचले, तरच त्याचा पूर्ण अर्थ लागतो.

या वाक्यांतला ‘तो’ मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. एवे भाषेत तृतीयपुरुषी सर्वनामाला लिंगभेद नाही. ‘ए’ म्हणजे तो, ती किंवा ते. त्यामुळे ‘एडेम’मधला सोडवणारा देव आहे, नशीब आहे की पूर्वज, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. याच कारणाने यांतली पुष्कळ नावे मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात. कोणते नाव कोणाला अधिक शोभते हे रूढीने ठरते : एडेम बहुधा मुलाचे, द्झीफा किंवा आक्पेने (आभार) बहुधा मुलीचे.

‘मावू’ म्हणजे परमेश्वर, या शब्दाने सुरू होणाऱ्या नावांचा परिवार फार मोठा आहे. मावुली (देव आहे), मावुको (केवळ देवच), मावुन्यो (देव चांगला आहे), मावुसी (देवाच्या हाती), मावुएना (देव देतो). व्होल्टा प्रदेशाचे मुख्य ठिकाण असलेल्या हो शहरात 1950 साली स्थापन झालेल्या प्रसिद्ध विद्यालयाचे नावही मावुलीच आहे. मावू हा शब्द ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचा आहे. फॉन लोकांच्या दैवतकथांत तो मावू-लिसा या जोडदेवतेच्या रूपाने येतो. उत्तर जर्मन मिशनचे, म्हणजे ब्रेमेन मिशनचे लोक 1847 मध्ये पेकी येथे पोचले आणि त्यांनी बायबलमधल्या देवासाठी हाच शब्द स्वीकारला. त्यामुळे मावूची नावे ख्रिस्ती घरांतही सहज नांदली.

दुसरा परिवार ‘आग्बे’चा, म्हणजे जीविताचा. आग्बेली म्हणजे जीवन आहे; आग्बेको म्हणजे केवळ जीवनच. कसाव्याच्या कंदालाही एवे भाषेत आग्बेली म्हणतात आणि दुष्काळात तारणारे पीक म्हणून त्याला हे नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. घानाचे 1954 ते 1961 या काळातले अर्थमंत्री कॉमला आग्बेली ग्बेडेमा यांच्या नावात वारनाम आणि वाक्यनाम शेजारी शेजारी दिसतात. उलट बाजूला ‘कू’ म्हणजे मृत्यू. कुवॉर्नू या आडनावाचा अर्थ ‘मृत्यूने काहीतरी करून ठेवले’ असा आहे. कोणाचा मृत्यू, केव्हा, हे त्या घरालाच ठाऊक. नाव तेवढे पुढच्या पिढ्यांत उरले.

तिसरा परिवार ‘द्झी’चा, म्हणजे हृदयाचा. द्झीफा याचा शब्दशः अर्थ हृदय गार आहे. मराठीत आपण जीव निवला म्हणतो तेच. द्झीद्झॉ म्हणजे आनंद, द्झीग्बॉडी म्हणजे धीर धरणे, द्झीडेफो म्हणजे हिंमत. मनाची अवस्था सांगायला एवे भाषा वारंवार हृदयाकडे वळते आणि नावे त्याच वळणाने जातात. याखेरीज डेलाली (तारणारा आहे), फाफाली (शांती आहे), काफुई (त्याची स्तुती कर), सित्सोफे (आसऱ्याची जागा), केकेली (प्रकाश), यायरा (आशीर्वाद) ही नावेही आज घरोघरी ऐकू येतात. माणसाच्या मोलाविषयीची नावे मला विशेष सुंदर वाटतात. आमेवुसिका म्हणजे माणूस सोन्याहून मोठा. सोन्याच्या व्यापाराने ज्या किनारपट्टीचा इतिहास घडवला, आणि जिथून माणसेही विकली गेली, त्या प्रदेशात हे नाव ठेवले जाते.

वारनामांत निवडीला वाव नसतो. रविवार हा कॉसिडा, त्या दिवशीचा मुलगा कॉसी आणि मुलगी आकॉसिवा. सोमवारी (द्झोडा) कॉद्झो व आद्झो, मंगळवारी (ब्लाडा) कॉब्ला किंवा कॉमला व आब्ला, बुधवारी (कूडा) कॉकू व आकू, गुरुवारी (यावोडा) याओ व यावा, शुक्रवारी (फीडा) कोफी व आफी, शनिवारी (मेम्लिडा) कॉमी किंवा क्वामी व आमा. शेजारच्या अकान लोकांच्या वारनामांशी यांचे नाते उघड आहे. कोफी तर दोन्हीकडे सारखाच. एका घरात एकाच वाराची दोन माणसे असली तर ‘वी’ (लहान) आणि ‘गा’ (मोठा) हे प्रत्यय लावतात : कॉद्झोवी, कोफीगा. मुलींतही आब्लावी, आद्झोवी, आकूवी अशी लाडकी रूपे होतात.

नावावरून जन्मवार कळत असल्याने पडताळाही घेता येतो. पेकी-आवेतिले येथे जन्मलेले संगीतकार एफ्रेम कॉकू आमू यांची जन्मतारीख 13 सप्टेंबर 1899; तो बुधवार होता. बीबीसीचे वार्ताहर कॉमला डुमोर 3 ऑक्टोबर 1972 रोजी, मंगळवारी जन्मले.

जुळ्यांना स्वतंत्र नावे ठरलेली आहेत. दोन्ही मुलगे असल्यास आत्सू आणि एत्से. 2023 च्या तुर्कस्तानातील भूकंपात मृत्यू पावलेला घानाचा फुटबॉलपटू ख्रिश्चन आत्सू याच्यामुळे यांतले पहिले नाव जगभर पोचले; त्यालाही जुळी बहीण होती. जुळ्यांपाठी जन्मलेल्या मुलाला एडो म्हणतात, कारण जुळ्यांच्या जन्माचा प्रभाव पाठच्या भावंडावरही असतो असे मानले जाते. जुळ्यांपैकी एक दगावले तर त्याच्या जागी वेनावी नावाची लाकडी बाहुली करून तिला जिवंत भावंडासोबत न्हाऊमाखू घालण्याची प्रथा होती. क्रमावरून पडणाऱ्या नावांत तिसऱ्या मुलाचे मेन्सा, तिसऱ्या मुलीचे मान्सा आणि चौथ्या मुलाचे आनानी ही सर्वाधिक परिचित आहेत. आन्लो या किनारी शाखेत पंधरा पितृवंशीय कुळे (ह्लॉ) असून नावांवर कुळाचाही हक्क चालतो.

ज्या घरात मुले जन्मून लगेच दगावतात, तेथली नावे वेगळी. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि परत जाते, अशी समजूत असल्याने त्याला इथे थांबवण्यासाठी मुद्दाम कुरूप किंवा हीन नाव ठेवत. आडुक्पो म्हणजे उकिरडा. क्लूवी म्हणजे गुलामाचे पोर. डोंको हा मूळ अकान भाषेतला गुलामवाचक शब्दही याच कामी येई. कधी अशा मुलाच्या चेहऱ्यावर खुणाही कोरत, म्हणजे पलीकडच्या जगातले सोबती त्याला ओळखणार नाहीत किंवा स्वीकारणार नाहीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पोरे जगत नसलेल्या घरांत आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, उकिरडा, भिकू ही नावे याच धास्तीने ठेवली गेली. दोन्ही समाजांचा एकमेकांशी संबंध आलेला नसताना उकिरड्यापर्यंत नाव जुळावे, यात बालमृत्यूची समान भीती आहे. एवे प्रदेशात ही नावे आता नवजात मुलांना क्वचितच ठेवतात, पण आजोबा-पणजोबांची नावे आडनावे बनल्यामुळे ती शाळेच्या हजेरीपटावर टिकून आहेत.

पुनर्जन्माची कल्पना दुसऱ्या बाजूनेही नावांत उतरते. मुलाच्या रूपाने कोणता पूर्वज परत आला, हे शोधण्यासाठी आफा या कौल लावण्याच्या विद्येचा जाणकार, म्हणजे बोकॉ, याच्याकडे जातात. त्या पूर्वजाला मुलाचा द्झॉटो म्हणतात. आमेतेफे, म्हणजे गेलेल्या माणसाच्या जागी आलेला, हे आडनाव घानात पुष्कळ आढळते.

बारशाच्या विधीला विहेहेडेगो म्हणतात, म्हणजे मुलाला बाहेर आणणे. तोवर बाळ आणि बाळंतीण खोलीतच असतात. बऱ्याच ठिकाणी आठव्या दिवशी पहाटे बाळाला अंगणात आणतात, पूर्वजांच्या नावे जमिनीवर पेय ओततात आणि नाव सर्वांसमक्ष उच्चारतात. काही भागांत छपरावर पाणी फेकून त्याचे ओघळणारे थेंब बाळाच्या अंगावर पडू देतात, म्हणजे या जगातल्या पावसापाण्याशी त्याची ओळख होते.

प्रौढ पुरुषांच्या स्वीकृत नावाला आहानोङकॉ म्हणतात; आहा म्हणजे मद्य, नो म्हणजे पिणे, ङकॉ म्हणजे नाव. ताडीच्या बैठकीत माणूस आपले हे नाव जाहीर करी. ते सहसा एखाद्या म्हणीचा पहिला तुकडा असे. सोबत्याने तेवढा तुकडा उच्चारला की नावधारकाने उरलेला भाग पुरा करायचा. त्यात आपल्या आयुष्याचे तत्त्व असे, कधी वैऱ्याला टोमणाही असे. आईवडिलांनी दिलेल्या वाक्याला मोठेपणी माणसाने स्वतःच्या वाक्याची जोड द्यावी, ही कल्पना या पद्धतीत मला सर्वांत समृद्ध वाटते. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वारनामांपेक्षा कमी गेले आहे आणि ताडीच्या बैठकींबरोबर ती विरळ होत चालली आहे.

पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव ही पूर्वीची रीत नव्हे. स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावले की ओळख पुरी होई. मिशनच्या शाळा आणि वसाहतींची कचेरी आली, तेव्हा त्या वेळच्या बापाचे किंवा आजाचे नाव गोठून आडनाव झाले. एवे प्रदेश आधी इंग्रज आणि जर्मन यांच्यात वाटलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन टोगोलँडची ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात फाळणी झाली. त्याचा माग स्पेलिंगमध्ये राहिला आहे. सोमवारचा मुलगा घानाच्या बाजूला ‘डीझेड’ने लिहिला जातो, टोगोत ‘डीजे’ने, टोगोतल्या कॉकूच्या अंती फ्रेंच धाटणीचा ‘ओयू’ येतो. घानात ऑ हा स्वर दाखवण्यासाठी रोमन लिपीत मधे ‘आर’ घालतात, म्हणून सेलॉम हे नाव ‘सेलोर्म’ असे छापलेले दिसते. तो र उच्चारायचा नसतो.

मराठी वाचकाची येथे सोय आहे. एवे भाषेत द आणि ड हे दोन वेगळे वर्ण असून रोजच्या रोमन लेखनात त्यांतला फरक हरवतो, पण देवनागरीत तो जसाच्या तसा राहतो. या नोंदीतले ‘त्स’ आणि ‘द्झ’ हे मराठी चाक आणि जाळे या शब्दांतल्या दंततालव्य उच्चारांजवळचे आहेत. ‘क्प’ व ‘ग्ब’ मात्र जोडाक्षरे नव्हेत. कंठ आणि ओठ एकदम मोकळे करून काढलेला तो एकच ध्वनी आहे. शिवाय भाषा सूरप्रधान असल्याने स्वराच्या उंचीने अर्थ बदलतो आणि तेवढा भाग कोणत्याही रोजच्या लेखनात येत नाही.

मिशनच्या काळात बाप्तिस्म्याला युरोपीय नाव घेण्याची सक्ती नसली तरी दबाव होता. स्वातंत्र्याच्या पिढीने ते ओझे उतरवायला सुरुवात केली. कवी जॉर्ज आवुनोर-विल्यम्स पुढे कोफी आवुनोर म्हणून लिहू लागले. 2013 मध्ये नैरोबीतील दहशतवादी हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. टोगोत 1974 साली राष्ट्राध्यक्ष एयादेमा यांनी विदेशी नावांवर बंदी घातली आणि स्वतः एतिएन हे नाव टाकून ग्नासिंग्बे झाले. एदुआर कॉद्झोवी कॉद्झो हे तेव्हा एडेम कॉद्झो झाले. पुढे ते आफ्रिकी ऐक्य संघटनेचे महासचिव आणि टोगोचे पंतप्रधान होते. त्यांचा जन्म 23 मे 1938 चा, सोमवारचा, म्हणजे फ्रेंच नावाच्या आड वारनाम आधीपासून होतेच. हुकूमशहाच्या फर्मानाने नाव बदलणे आणि कवीने स्वतःहून बदलणे यांत मोठे अंतर आहे, हे येथे नोंदवायला हवे.

नित्य व्यवहारात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. थोरल्या भावाच्या वयाच्या पुरुषाला एफो किंवा फो, थोरल्या बहिणीच्या वयाच्या स्त्रीला दा किंवा दावी असे आधी लावतात : फो कोफी, दा आफी. प्रमुखाला आणि आजोबांना तोग्बुई, आजीला मामा. आजच्या तरुण आईबापांचा कल सेलॉम, एलॉम, एयराम (त्याने मला आशीर्वाद दिला) अशा छोट्या वाक्यनामांकडे आहे. वारनाम दाखल्यावर नसले तरी आजी त्याच नावाने हाक मारते.