उतारा विचारला, पण वाचायला कधी शिकवलं?

इंग्रजीच्या पेपरात ‘अनसीन पॅसेज’ आला की मराठी माध्यमातली बरीच मुलं एक ठरलेली युक्ती वापरतात. आधी प्रश्न बघायचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. ‘रवी लेफ्ट हिज अम्ब्रेला बाय द डोअर. हिज मदर ब्रॉट हिम अ टॉवेल.’ रवीने अम्ब्रेला कुठे ठेवली, याचं उत्तर अम्ब्रेला म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही बिनचूक देता येतं. बाहेर पाऊस पडत होता का, असं विचारलं की मात्र पेन अडतं. दोष मुलांचा नाही. आपल्या शिकवण्यानेच त्यांना ही सवय लावली आहे, आणि तिची मुळं बरीच जुनी आहेत.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर हायस्कुलातलं इंग्रजी मॅट्रिकच्या दिशेने चालू लागलं. शिकवण्याचा कणा होता व्याकरण आणि भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कित्येक पिढ्यांचं इंग्रजी पक्कं झालं, हे मान्यच करायला हवं. पण त्या पद्धतीत सगळं लक्ष एकेका वाक्यावर असे. सबंध परिच्छेद वाचून त्याचा रोख काय, हे स्वतःहून ओळखण्याचा सराव त्यात फारसा नव्हता.

याला पहिला ठाम पर्याय निघाला तो ढाक्यात. तिथल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी 1926 मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर अहवाल लिहिला. असंख्य मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, हे त्यांना रोज दिसत होतं. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तरी हाती काही रक्कम पडते. तसं शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती काय पडतं, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर होतं वाचन. अर्धवट बोलता येऊन फारसा उपयोग नाही, पण समजून वाचता आलं तर मूल पुढे एकटंही शिकू शकतं.

मग त्यांनी वाचनमाला हाती घेतल्या. जुन्या पुस्तकांत पानोपानी अनोळखी शब्दांची गर्दी असे, त्यातले कित्येक फक्त कवितेत सापडणारे. वेस्ट यांनी ‘आइल’च्या जागी ‘आयलंड’, ‘नॉट’च्या (nought) जागी ‘नथिंग’ असे रोजचे शब्द घातले आणि साधारण पन्नास शब्दांमागे एकच नवा शब्द येईल अशी रचना केली. आजूबाजूचं समजत असेल तरच नव्या शब्दाचा अंदाज बांधता येतो. आकलन शिकवण्याच्या दृष्टीने मला ही आपल्याकडची सर्वांत मोलाची कल्पना वाटते.

स्वातंत्र्यानंतर चर्चा इंग्रजी कितवीपासून यातच अडकली: मुंबई राज्यात आठवीपासून, पुढे पाचवीपासून, 2000 पासून पहिलीपासून. 1950 च्या दशकात आलेल्या स्ट्रक्चरल पद्धतीत वाक्यरचना घोटून घेण्यावर भर होता. शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने (1964-66) इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हटलं, म्हणजे महत्त्व वाचनालाच दिलं. वर्गात मात्र धडा सर वाचणार, अर्थ मराठीतून सांगणार आणि उत्तरं फळ्यावरून वहीत जाणार, हेच चालू राहिलं.

ही गत आपल्याचकडे होती असं नाही. अमेरिकेत वाचनाच्या अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस चौथीच्या वर्गांत बसून निरीक्षण केलं. वाचनाच्या तासांपैकी एक टक्क्याहूनही कमी वेळ आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात जात होता. शिक्षक प्रश्न भरपूर विचारत होते, पण त्यातून मुलाला समजलं की नाही एवढंच कळत होतं. समजून कसं घ्यायचं ते कोणी दाखवत नव्हतं.

भारतात 1979 ते 1984 दरम्यान इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाने वेगळी वाट धरली. मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं आणि त्यावरून कोडं सोडवायला द्यायचं. नुसता शब्द हुडकून इथे भागत नाही, दोन गाड्यांच्या वेळा जुळवून पाहाव्या लागतात.

आपल्या दहावीच्या कृतिपत्रिकेतही आता सरळ माहितीच्या प्रश्नांबरोबर विचार करायला लावणारे आणि स्वतःचं मत मागणारे प्रश्न असतात. बदल योग्यच आहे. पण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवरची ‘स्वतःची मतं’ गाईडमध्ये तयार मिळतात आणि पाठ होतात. त्याआधीची पायरीच कच्ची आहे. ग्रामीण मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या 2022 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त 24.5 टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. 2016 मध्ये हे प्रमाण 24.7 टक्के होतं. या पाहणीत वाक्य वाचणाऱ्या मुलाला त्याचा अर्थही वेगळा विचारतात, कारण वाचता आलं म्हणजे समजलं असं धरून चालत नाही.