सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी, एमआरआय : प्राण्याला घेऊन निघण्याआधी

तपासणीची वेळ ठरली की बहुतेक जण विचारतात, "उपाशी ठेवायलाच हवं का?" हो, ठेवायलाच हवं. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्या-मांजरांना पोटाच्या सोनोग्राफीआधी आठ तास काहीही खायला देऊ नका. पाणी चालतं. भूल द्यायची असेल तर पाणी कधी थांबवायचं, ते आम्ही वेळ देतानाच सांगतो.

घोटाळा होतो तो सकाळी. वेळ घेणाऱ्याला नियम पाठ असतो, पण घरातल्या दुसऱ्या कुणाला त्या केविलवाण्या डोळ्यांकडे बघवत नाही आणि एक बिस्किट दिलं जातं. म्हणून आदल्या रात्रीच खाण्याचं भांडं उचला, घरात दुसरा प्राणी असेल तर त्याचंही उचला आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत. जठरात अन्न आणि वायू असला की त्यामागचं स्वादुपिंड झाकलं जातं. खाल्ल्यावर पित्ताशयही आकुंचन पावतं, मग त्याची धड तपासणी होत नाही. भूल द्यायची असेल तर गोष्ट आणखी गंभीर. गुंगीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून प्राण्यानं खाल्लेलं असेल तर आम्ही पुढची वेळ देतो आणि काही जण नाराज होतात. लांबून आलेल्यांना परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं, पण अर्धवट दिसलेल्या पोटाचा रिपोर्ट लिहिणं आम्हाला पटत नाही.

अगदी लहान पिल्लं, मधुमेही प्राणी आणि इन्सुलिनचा डोस यांबद्दल मात्र आधी फोन करून विचारा. ससा आणि गिनीपिग यांना उपाशी ठेवायचंच नाही, त्यांची आतडी सतत चालती राहावी लागतात. आणि श्वास लागला असेल, पोट अचानक फुगलं असेल किंवा बोक्याला लघवी होत नसेल, तर उपास वगैरे विसरा आणि लगेच निघा.

मूत्राशय भरलेलं असेल तर चांगलं दिसतं. गाडीतून उतरल्याबरोबर कुत्र्याला झाडाकडे नेऊ नका, आधी आत या.

पोटावरचे केस काढावे लागतात, कारण केसांत अडकलेली हवाही चित्र बिघडवते. ते पुन्हा येतात, लांब केसांच्या जातींत थोडा वेळ लागतो. प्रदर्शनाची तारीख जवळ असेल तर आधी सांगा.

एक्स-रेचे दोन फोटो का, असंही विचारलं जातं. एका बाजूनं न दिसणारं फ्रॅक्चर काटकोनातून घेतलेल्या दुसऱ्या फोटोत दिसतं. कर्करोग फुप्फुसात पसरला आहे का हे बघायचं असेल तर आम्ही तीन घेतो. प्राणी कुशीवर झोपला की खालच्या फुप्फुसात हवा कमी राहते आणि तिथली बारीक गाठ लपून जाते, म्हणून दोन्ही कुशींवरचे फोटो लागतात. गाभण कुत्रीच्या पोटात पिल्लं जिवंत आहेत का, हे सोनोग्राफी सुमारे पंचविसाव्या दिवसापासून सांगते. ती किती आहेत हे मोजायला पंचावन्नाव्या दिवसानंतरचा एक्स-रेच जास्त भरवशाचा.

सीटी काही मिनिटांत होतो, एमआरआयला तासभरही लागू शकतो. दोन्हींत प्राण्यानं हलून चालत नाही आणि "श्वास रोखून धर" असं त्याला सांगता येत नाही, म्हणून भूल. त्याआधी रक्ततपासणी करतो, आणि भूल चालू असेपर्यंत हृदय, श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला एक माणूस फक्त त्याच्यासाठी असतो. शक्य असेल तिथे एकाच भुलीत दोन तपासण्या उरकतो, त्यामुळे दुसऱ्या भुलीचा धोकाही टळतो आणि खर्चही.

एक्स-रे खोलीत गरोदर स्त्रिया आणि मुलांना आम्ही थांबू देत नाही. हट्ट करू नका.

आधीच्या तपासण्यांच्या मूळ फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर आणा. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत बारकावे हरवतात आणि तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. मूळ फाइल असेल तर आमचे रेडिओलॉजिस्ट जुनं-नवं शेजारी ठेवून बघतात, आणि त्या तुलनेचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.