एएस पॅटर्न असला म्हणजे मलेरिया होत नाही का?
(लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गडचिरोलीतल्या आमच्या लॅबमध्ये सिकलसेलचा (लाल पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) रिपोर्ट हातात पडला की बरेच जण हे विचारतात. उत्तर आधीच देतो: होतो. एएस म्हणजे वाहक, सिकलसेलचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला. वाहकालाही डास चावतो, मलेरियाचा जंतू त्याच्याही रक्तात शिरतो, थंडीताप येतो. फरक पडतो तो पुढे. मेंदूपर्यंत जाणारा, जिवावर बेतणारा फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया वाहकांना फार कमी होतो. आफ्रिकेतल्या मुलांच्या अभ्यासांत हा धोका साधारण 90 टक्क्यांनी कमी आढळला.

हा संबंध अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवला. जंतू शिरलेली लाल पेशी वाहकाच्या शरीरात लवकर वाकडी होते आणि पानथरी तिला जंतूसकट काढून टाकते. पिढ्यान्‌पिढ्या जिथे मलेरिया राहिला, तिथे हे जनुक म्हणूनच टिकून राहिले. विदर्भही त्यातलाच.

एसएस पॅटर्नची गोष्ट अगदी वेगळी आहे. आईवडील दोघांकडून हे जनुक आलेल्या मुलाचे रक्त मुळातच कमी असते आणि मलेरियात ते झपाट्याने आणखी उतरते. अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एएसवाल्यांनीही तापात आशाताईंकडून किंवा आमच्याकडे रक्ताची स्लाइड किंवा किटवरची तपासणी करून घ्यावी.

‘प्रतिकारशक्तीच्या जनुकांची तपासणी करता का?’ असेही काही जण विचारतात. शरीरात शिरलेला जंतू मारेकरी पेशींना ओळखून देण्याचे काम एचएलए नावाची जनुके करतात. ती माणसागणिक वेगळी असतात. गांबियातल्या मुलांच्या 1991 मधल्या अभ्यासात एचएलए-बी53 हा प्रकार असलेल्यांना गंभीर मलेरिया कमी होतो, असे दिसले. संशोधन मोलाचे आहे. पण हा प्रकार मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला, आणि तो असला काय, नसला काय, तुमच्या गोळ्या बदलत नाहीत. ती तपासणी आम्ही करत नाही. तुम्हीही त्यावर पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या जनुकामुळे औषध खरोखर बदलते ते आहे जी-6-पीडी. लाल पेशींना जपणारे याच नावाचे विकर (एन्झाइम) ते बनवते. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ते मारायला प्रायमाक्विन 14 दिवस देतात. जी-6-पीडी कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी चहासारखी काळपट होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत ही कमतरता जास्त उघड दिसते. गरोदर बाईने ही गोळी घ्यायचीच नसते.

जी-6-पीडीच्या तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर रक्तात कोवळ्या पेशी जास्त असतात आणि कमतरता असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे लागते. दुसऱ्याचे रक्त चढवले असेल तरी जी-6-पीडी आणि सिकलसेल, दोन्ही रिपोर्ट चुकू शकतात. तसे झाले असेल तर रक्त देण्याआधीच काउंटरवर सांगा.